‘तासाला तीस डॉलर, सगळं धरून’

काकू, नमस्कार. मी २६ वर्षांची, राहणार दांडिया बाजार, बडोदे. बी.कॉम. करून दोन वर्षांपासून मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, पगार २८ हजार. ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या सोडतीत माझं नाव लागलं, व्हिसाही हातात आला. १२ नोव्हेंबर २०२५ चं तिकीट आहे. वर्षभर जायचं, थोडं फिरायचं, थोडं कमवायचं आणि परत यायचं, असा बेत आहे. व्हिक्टोरियात शेपर्टनजवळ फळबागेत तोडणी-पॅकिंगचं काम मिळतंय. कंत्राटदाराच्या ई-मेलात एवढंच आहे: तासाला ३० डॉलर, सगळं धरून. पगार आठवड्याला. खोलीचे २१० डॉलर पगारातून कापणार. पहिले दोन दिवस ट्रेनिंग, त्याचे पैसे नाहीत. आल्यावर एबीएन काढायचा.

अलकापुरीतला एजंट म्हणतो, ‘टेन्शन नहि लेवानुं बेन, टॅक्स ने सुपर, बधुं पाछुं मळशे.’ सुपर म्हणजे तिथला पीएफ, म्हणे. सहा महिन्यांच्या कामावर पावणेपाच लाख रुपये परत येतील, असा आकडा त्याने लिहून दिलाय. त्यातले १८ टक्के त्याचे, शिवाय १५ हजार आगाऊ. त्या भरवशावर मी मामाकडून चार लाख घेतलेत. मैत्रिणीची बहीण फेब्रुवारीत गेली, तिला जुलैनंतर खरंच अडीच हजार डॉलर परत आले. भारतात हे उत्पन्न दाखवायचं का? मामा म्हणतो, १८३ दिवसांच्या आत असलं तर कुठेच टॅक्स नाही.
— हिशेब दुसऱ्यांचा, गोंधळ स्वतःचा

बाळ,

तू दिवसभर दुसऱ्यांचा टीडीएस कापतेस, म्हणून तुझ्याच टेबलापासून सुरू करते. तुमच्या कारखान्यात एखाद्याचा कर जास्त कापला गेला आणि ऑगस्टमध्ये त्याच्या खात्यात बारा हजार आले, तर तू त्याला ‘बोनस मिळाला’ म्हणशील का? म्हणणार नाहीस. त्याचेच पैसे होते, सरकारकडे अडकले, परत आले. समुद्र ओलांडला की हाच परतावा लोकांना लॉटरी का वाटायला लागतो, हे मला तीस वर्षं बँकेत काढूनही कळलेलं नाही. तुझ्या एजंटाचं दुकान मात्र त्यावरच चालतं.

त्याचा पावणेपाच लाखांचा आकडा कुठून आला, हे मी कागदावर मांडून पाहिलं. आधी तो कागद तुला दाखवते, मग तुझ्या ई-मेलाकडे वळू. खरं दुखणं त्या ई-मेलात आहे, परताव्यात नाही.

ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय किमान वेतन १ जुलै २०२५ पासून तासाला २४.९५ डॉलर आहे. दर वर्षी १ जुलैला ते बदलतं. तुला घेणार ‘कॅज्युअल’ म्हणून, म्हणजे रजा नाही, आजारपणाचा पगार नाही, उद्या काम मिळेल याची हमी नाही. त्याच्या बदल्यात दरावर २५ टक्के जास्त द्यावे लागतात. म्हणजे ३१.१९ डॉलर. प्रत्येक उद्योगाचा स्वतःचा वेतन-करार असतो, त्याला तिथे ‘अवॉर्ड’ म्हणतात, आणि काही अवॉर्डांत नवख्यांचा पहिल्या काही महिन्यांचा दर किंचित कमी असतो. तुझा नेमका दर फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी कार्यालयाच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत निघेल. आत्ता ३१.१९ धरू.

आठवड्याचे ३८ तास धरले तर ११८५.२२ डॉलर होतात. तुझ्या व्हिसावरच्या माणसाला कर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के, ४५ हजार डॉलरपर्यंत. तिथल्या रहिवाशांना १८,२०० पर्यंत शून्य कर असतो, तो तुला लागू नाही. कर १७७.७८ गेला, उरले १००७.४४. खोलीचे २१० गेले, हातात ७९७.४४. शिवाय सुपर, म्हणजे सुपरॅन्युएशन, आपल्या पीएफचा ऑस्ट्रेलियातला चुलतभाऊ. तो १२ टक्के. आपल्यासारखा अर्धा तुझ्या पगारातून कापत नाहीत, सगळा मालकाने वरून भरायचा असतो. आठवड्याला १४२.२३.

२६ आठवडे एकही दिवस न चुकता काम मिळालं, असं धरू. ढोबळ पगार ३०,८१६ डॉलर, कर ४,६२२, सुपर ३,६९८. आता कर आणि सुपर यांची बेरीज कर आणि डॉलरला ५७ रुपयांनी गुण. आलं ना पावणेपाच लाख? एजंटाने कापलेला सगळा कर आणि भरलेला सगळा सुपर, दोन्ही जसेच्या तसे परत येणार असं धरून टाकलंय.

कर आधी बघ. तुझ्यावर देय कर १५ टक्के, मालकाने कापला १५ टक्के. परत काय येणार? शून्य. कामासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. सेफ्टी बूट, हातमोजे, उन्हात काम असल्याने टोपी आणि सनस्क्रीन, हे चालतं. असा खर्च २८० डॉलर झाला असं समज. पण २८० परत येत नाहीत. २८० वरचा १५ टक्के कर परत येतो, म्हणजे ४२ डॉलर. तिथल्या मुलांत ‘अरे, क्लेम कर, परत मिळतात’ असं चालतं आणि लोक गरज नसलेले दीडशे डॉलरचे बूट घेतात. एकूण खर्च ३०० डॉलरपर्यंत असला तर लेखी पावत्या दाखवाव्या लागत नाहीत, पण खर्च खरा असला पाहिजे आणि विचारलं तर हिशेब सांगता आला पाहिजे.

आता सुपर. देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर तो काढता येतो, अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याला फी नाही. पण फंडात पैसे जमा होतानाच १५ टक्के कर लागतो: ३,६९८ चे उरले ३,१४३. त्यानंतर तुझ्यासारख्या वर्किंग हॉलिडेवाल्यांना काढताना ६५ टक्के कर. हो, पासष्ट. मी दोनदा वाचून खात्री केली होती. उरले ११०० डॉलर, म्हणजे साठ-बासष्ट हजार रुपये, त्यातूनही फंडाची वर्षाची फी जाणार. तिथल्या सरकारने ठरवलंय की म्हातारपणासाठीचा हा पैसा, तुम्ही इथे म्हातारे होणार नाही तर तुमच्या हातात फार पडू द्यायचा नाही. बरोबर की चूक, ते सोड. तुझ्या मामाच्या चार लाखांपुढे हे साठ हजार आहेत, पावणेपाच लाख नाहीत. आणि तेही तू बडोद्याला परत आल्यावर.

मग मैत्रिणीच्या बहिणीला अडीच हजार डॉलर कसे आले? माझा अंदाज असा की तिचा मालक कर खात्याकडे ‘वर्किंग हॉलिडे मालक’ म्हणून नोंदलेला नव्हता. तसा नोंदलेला मालक १५ टक्के कापतो. नोंद नसलेल्याला परदेशी माणसाच्या दराने, म्हणजे पहिल्या डॉलरपासून ३० टक्के कापावे लागतात. ३० जूनला वर्ष संपलं, तिने विवरण भरलं, आकारणी १५ टक्क्यांनी झाली आणि जास्तीचे १५ टक्के परत आले. साधारण १६-१७ हजार डॉलर कमाईवर अडीच हजार होतात, हिशेब जुळतो. म्हणजे पाच महिने दर आठवड्याला एकशेवीसच्या आसपास डॉलर तिच्या हातात यायला हवे होते, ते आले नाहीत. ते दिवस तिने कसे काढले, कुणाकडून उसने घेतले, हे विचारून बघ. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त शेवटचा धनादेश दिसतो.

कापाकापी याच्या उलट्या बाजूनेही चुकते, आणि ते जास्त वाईट. कामाला लागताना टीएफएनचा, म्हणजे टॅक्स फाइल नंबरचा, एक फॉर्म भरून देतात. आपल्या पॅनसारखा नंबर. त्यात तू वर्किंग हॉलिडेवाली आहेस की रहिवासी, असं विचारतात. खोलीतली मुलं सांगतील, ‘रेसिडेंटवर टिक कर, कर कमी कापतात.’ कापतीलही कमी. मग ऑक्टोबरमध्ये फरकाचं बिल येईल, तेव्हा खिशात पैसे नसतील. खरं तेच भर. नंबर तिथे पोहोचल्यावर ऑनलाइन फुकट मिळतो, यायला २८ दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि मालकाला देण्यासाठीही २८ दिवसांची मुदत असते. तोपर्यंत नाही दिला तर ४५ टक्के कापतात. पैसे घेऊन नंबर काढून देणाऱ्या साइट असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

आता तो ई-मेल. मी तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मला १९९४ सालचं मस्कत आठवलं. आमचे हे अकरा महिन्यांसाठी एका कंत्राटदाराकडे गेले होते. इथे सही केलेल्या कागदावर ‘जेवण-राहणं धरून’ असं होतं, आणि आम्ही दोघांनी त्याचा अर्थ घेतला की जेवण-राहणं कंपनीचं, पगार वेगळा. कंत्राटदाराने अर्थ घेतला की जेवण-राहण्याचे पैसे या पगारातच आलेत, म्हणून महिन्याला कापणार. दोन्ही बाजू तेच तीन शब्द वाचत होत्या. मी बँकेत दिवसभर लोकांना ‘सही करण्याआधी वाचा’ सांगणारी, आणि घरात हे. तेव्हापासून ‘सगळं धरून’ दिसलं की मी आधी विचारते, नक्की काय धरून?

तुझ्या बाबतीत ‘ऑल इन्क्लुझिव्ह’चा अर्थ बहुधा असा: ३० मध्येच सुपर. तो बाहेर काढला तर पगार उरतो २६.७९. कायद्याने किमान दर ३१.१९ असताना तासाला ४.४० कमी, आठवड्याला १६७ डॉलर कमी. कॅज्युअलचे २५ टक्केही त्या ३० मध्येच विरघळले. मामाचं कर्ज फेडायचंय ना? त्यासाठी लागणारे पैसे इथे बुडतायत, कर खात्यात नाही.

आणि एबीएन. हा धंद्याचा नोंदणी क्रमांक. तो काढायला लावला म्हणजे तू नोकर नाहीस, स्वतंत्र कंत्राटदार आहेस, असं कागदावर दाखवायचं. मकरपुऱ्यात तू हे पाहिलं असशीलच: माणूस रोज आठ तास त्याच मशीनवर उभा, पण पगार व्हाउचरवर, म्हणजे पीएफ नको, बाकी कटकट नको. तोच खेळ. एबीएनवर तुझा कर कुणी कापणार नाही, वर्षाअखेर एकदम भरायचा. सुपर बहुधा मिळणार नाही, शिडीवरून पडलीस तर कामगार विम्यावरून भांडण होणार. आता कुणी सांगितलेल्या वेळी, कुणाच्या बागेत, कुणाची शिडी घेऊन, कुणी ठरवलेल्या दराने फळं तोडायची, यात तुझा धंदा कोणता? नोकराला कंत्राटदार म्हणून दाखवणं ऑस्ट्रेलियात बेकायदा आहे. त्यांच्या भाषेत ‘शॅम कॉन्ट्रॅक्टिंग’.

फुकट ट्रेनिंगचे दोन दिवस तसेच. हातातलं कसब दाखवायला कुणाच्या नजरेखाली थोडा वेळ काम करणं वेगळं, दोन दिवस पेट्या भरून घेणं वेगळं. त्याचे पैसे द्यावे लागतात. खोलीचे २१० कापायला तुझी लेखी संमती लागते, आणि कापणं मुख्यतः तुझ्या फायद्याचं असावं लागतं. ‘खोली आमचीच घ्या, नाहीतर काम नाही’ असं असेल तर जरा थांब. किती जणी एका खोलीत, वीज-पाणी त्यातच का, पाऊस पडून काम बंद राहिलं त्या आठवड्यालाही २१० का, हे विचार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण कॅज्युअलला पावसाच्या दिवशी पगार नसतो आणि भाडं मात्र असतं.

तो म्हणेल, आमच्याकडे तासावर नाही, पेटीवर पैसे देतात. चालतं, कायद्यात आहे. पण २८ एप्रिल २०२२ पासून फळबागांच्या अवॉर्डमध्ये अशी तरतूद आहे की पेटीचा हिशेब काहीही येवो, त्या दिवसाच्या तासांचा किमान पगार द्यावाच लागतो. म्हणून पेटीवर असलीस तरी तास लिहून ठेव. मोबाइलमध्ये नको, एका छोट्या वहीत, रोज संध्याकाळी: किती वाजता सुरू, मधली सुट्टी किती, किती वाजता संपलं, किती पेट्या, कुठला ब्लॉक. आमच्या बँकेत एक जुने हेड कॅशियर होते, संगणक आल्यावरही दिवसाची बेरीज स्वतःच्या वहीत करायचे. आम्ही हसायचो. एकदा फरक निघाला तेव्हा पूर्ण शाखेत वही फक्त त्यांच्याकडे होती.

बडोद्याहून करार करून परदेशी जाण्यात आपल्याला काही नवीन नाही. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी, हे कागदावर होतं. तुझ्या कंत्राटदाराने मात्र सहा महिन्यांचं काम पाच ओळींत उरकलंय. तर उद्याच त्याला लिही, नम्रपणे, एका दमात: मी एबीएनवर नव्हे, टीएफएनवर कॅज्युअल नोकर म्हणून येईन. दर कोणत्या अवॉर्डचा, कोणत्या पातळीचा? सुपर दराव्यतिरिक्त ना? तुम्ही वर्किंग हॉलिडे मालक म्हणून नोंदलेले आहात का? तुमचा लेबर हायर परवाना क्रमांक काय? हा शेवटचा प्रश्न व्हिक्टोरियात खास चालतो. तिथे मजूर पुरवणाऱ्याला २०१८ च्या कायद्याने परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी ऑनलाइन बघता येते. नाव यादीत नसेल तर पुढचं काही विचारू नकोस, दुसरं काम शोध. उत्तर फोनवर आलं तर ‘आत्ता बोललो ते असं’ म्हणून तूच ई-मेल टाक.

पगाराची स्लिप पगाराच्या दिवसापासून एका कामाच्या दिवसात मिळायला हवी. पहिली आली की नेट रकमेकडे बघून खूश होऊ नकोस. मालकाचं नाव आणि एबीएन (इथे तो त्याचा हवा, तुझा नव्हे), तास, दर, कापलेला कर, कापलेलं भाडं, आणि सुपर कुठल्या फंडात किती, हे बघ. स्लिपवर सुपर दिसणं आणि फंडात पोहोचणं या दोन गोष्टी आहेत, हे अकाउंट्सवालीला सांगायला नको. ३० जून २०२६ पर्यंत तो तिमाहीला भरायचा नियम, १ जुलै २०२६ पासून दर पगाराबरोबरच भरायचा. पहिल्या कामावर जो फंड घेशील तोच पुढच्या मालकाला दे. नाहीतर तीन मालक, तीन खाती आणि तीन फिया, त्या ११०० डॉलरमधून.

पैसे कमी दिले तर फेअर वर्कचा नंबर १३ १३ ९४. इंग्रजीत अडलीस तर आधी १३१ ४५० ला फोन करून हिंदी दुभाषा मागता येतो. ‘तक्रार केलीस तर व्हिसा रद्द करीन’ अशी धमकी सर्रास दिली जाते. व्हिसाची भीती घालून कामगाराला दाबणं १ जुलै २०२४ पासून तिथे गुन्हा आहे, आणि जाणूनबुजून पगार बुडवणं १ जानेवारी २०२५ पासून. मालकाला व्हिसा रद्द करता येत नाही, तो सरकारचा विषय.

आता मामा. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की १८३ दिवसांचा नियम खरा आहे पण तुझा नाही. भारत-ऑस्ट्रेलिया करार १९९१ चा. त्यात १८३ दिवसांच्या सवलतीसाठी आणखी अटी एकाच वेळी लागतात, त्यातली एक अशी की पगार देणारा मालक ऑस्ट्रेलियाचा रहिवासी नसावा. इथल्या कंपनीने दोन महिने मेलबर्नला पाठवलेल्या इंजिनियरला ती लागू पडेल. शेपर्टनच्या कंत्राटदाराकडे पहिल्या दिवसापासून कर आहे.

भारतात दाखवायचं का? हो. १ एप्रिलपासून १२ नोव्हेंबरपर्यंत तुझे २२६ दिवस भारतात झाले. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला त्या वर्षी १८२ दिवसांची मर्यादा असते, ती तू ओलांडलीस, म्हणून २०२५-२६ साठी तू निवासी, आणि निवाशाचं जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात परत येशील तेव्हाही मार्चपर्यंत साठपेक्षा जास्त दिवस होतील आणि मागच्या चार वर्षांचे ३६५ दिवस तर आहेतच, म्हणून तेव्हाही निवासीच. ‘वर्षभर बाहेर होते म्हणजे मी एनआरआय’ असं तू म्हणू शकत नाहीस.

घाबरू नकोस, दुहेरी कर बसणार नाही. मार्चअखेर १७ आठवडे काम झालं तर साडेअकरा लाखांच्या आसपास रुपये होतात. इथले सात महिन्यांचे सुमारे दोन लाख मिळवून आणि ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढूनही नव्या पद्धतीतली बारा लाखांची करमुक्ती ओलांडली जाते, तेव्हा इथे थोडा कर निघेल. पण तिथे भरलेल्या १५ टक्क्यांचं श्रेय मिळतं. इथला सरासरी दर तुझ्या उत्पन्नाला त्याहून कमी पडतो, म्हणून परदेशी उत्पन्नावरचा इथला कर त्यात बुडून जाईल. मात्र तिथला जास्तीचा कर भारत सरकार परत देत नाही. ज्याने घेतला त्याच्याकडेच मागायचा.

कागद असे: आयटीआर-२ (तू आजवर भरलेला आयटीआर-१ इथे चालत नाही), त्यात परदेशी उत्पन्नाचं आणि परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट, आणि श्रेयासाठी फॉर्म ६७. मालमत्तेच्या परिशिष्टात तिथलं बँक खातं आणि सुपरचं खातं दोन्ही येतं, आणि तिथे एप्रिल-मार्च नव्हे, जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष चालतं. ऑस्ट्रेलियाचं वर्ष जुलै ते जून. तीन वर्षं तीन ठिकाणी सुरू होतात, म्हणून स्लिपा महिन्यानुसार लाव. डॉलरचे रुपये करताना आदल्या महिन्याच्या अखेरचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक परकी चलन विकत घेते तो दर, लागतो, ५७ हा माझा ढोबळ आकडा तिथे चालणार नाही. आणि एक अगदी साधी गोष्ट: इथलं सिमकार्ड बंद पडू देऊ नकोस. आयटीआरची मुदत ३१ जुलैला, तेव्हा तू तिथे असशील, आणि ई-व्हेरिफिकेशनचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. रोमिंगवर मेसेज येतोय ना, हे विमानतळावरच तपास.

ऑस्ट्रेलियातलं पहिलं विवरण ३० जूननंतर, ३१ ऑक्टोबरच्या आत. मायगव्ह या तिथल्या सरकारी पोर्टलवरच्या खात्यातून स्वतः भरता येतं, पगाराचे आकडे बहुतेक आधीच भरलेले असतात. तुला जमेल, तू रोज याहून किचकट फॉर्म भरतेस. दुसरं विवरण जुलै ते नोव्हेंबरचं. देश कायमचा सोडताना ते वेळेआधीही देता येतं. एजंट लावायचाच असेल तर तिथल्या टॅक्स प्रॅक्टिशनर्स बोर्डाच्या यादीत त्याचं नाव बघ. अलकापुरीच्या साहेबांना विचार, तुमचा नोंदणी क्रमांक काय. आणि ते १५ हजार अजून दिले नसशील तर देऊ नकोस.

मामांच्या चार लाखांचं मात्र आजच बोलून घे. परताव्यावर फेड बांधलीस तर अडकशील. आठवड्याच्या ७९७ मधून जेवण-फोन-बस काढून किती राहतात, ते पहिल्या सहा आठवड्यांनंतर कळेल. तोपर्यंत त्यांना तारीख देऊ नकोस. ‘जानेवारीपासून दर महिन्याला जमेल तेवढं, कामाचा आठवडा कोरडा गेला तर त्या महिन्यात कमी’, असं सांग. मामा आहेत, समजून घेतील. पावणेपाच लाखांचं गाजर त्यांनाही त्या एजंटानेच दाखवलं असणार.

बूट इथून नेऊ नकोस. वापरलेल्या बुटांना माती दिसली तर ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर ते काढून घेऊन साफ करायला लावतात. शिवाय तिथे घेतलेस तर पावती मिळेल, तुझ्या ४२ डॉलरसाठी. कंत्राटदाराचं उत्तर आलं की मला पाठव, जसंच्या तसं. आणि पहिल्या स्लिपचा फोटोही.

— काकू